सेकंड हँड गाडी घेताय? पत्र्याखालचा गंज, पुराचं पाणी आणि आरसीवरचं नाव; तिन्ही तपासल्याशिवाय टोकन देऊ नका

वसई : पाऊस ओसरला की वसई-विरारमध्ये जुन्या गाड्यांचा बाजार तापतो. गणपती, दसरा, दिवाळी, मग नाताळ. घरात गाडी यावी असं वाटायला कारणंही खरी असतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचं, रात्री-बेरात्री स्टेशनवरून घरी यायचं, भाजी-फुलांच्या पाट्या पहाटेच्या लोकलपर्यंत पोचवायच्या, मुलांना पावसात शाळेत सोडायचं. नवीन गाडी खिशाला परवडत नाही, म्हणून दीड-दोन लाखांची सेकंड हँड गाडी शोधायची.

पण हे दीड-दोन लाख सहज आलेले नसतात. कुणी भिशी फोडलेली असते, कुणी पतपेढीचं कर्ज काढलेलं असतं, कुणी सोनं गहाण टाकलेलं असतं. गाडी चुकली तर ती दारात उभी राहते आणि हप्ते मात्र चालू राहतात. म्हणून व्यवहार करण्याआधी काय बघायचं, कसं बघायचं, कुठले कागद मागायचे, हे सविस्तर समजून घेऊ.

आधी गरज, मग गाडी

बहुतेक जण आधी गाडी बघतात आणि मग तिची गरज शोधतात. उलट करा. रोज किती किलोमीटर चालणार? किती माणसं बसणार? सामान काय न्यायचं? रस्ता कुठला?

पश्चिम पट्ट्यात, म्हणजे निर्मळ, भुईगाव, गास, आगाशी, अर्नाळा या बाजूला रस्ते सपाट आहेत, पण गल्ल्या अरुंद आणि वळणं आंधळी. इथे लहान गाडी सोयीची. पूर्वेला कामण, पारोळ, भाताणे, मेढे या बाजूला चढ-उतार आणि खड्डे आहेत. तिथे चार माणसं बसवून ८०० सीसीची गाडी दमते. हजार सीसी किंवा त्यावरचं इंजिन आणि जमिनीपासून जरा उंच असलेली गाडी बरी. रोज महामार्गाने घोडबंदर किंवा मुंबईकडे जाणाऱ्याने एअरबॅग आणि एबीएस असलेलीच गाडी बघावी. जुलै २०१९ पासून बनलेल्या कारना ड्रायव्हरची एअरबॅग आणि सीटबेल्टचा बझर सक्तीचा झाला, आणि एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. त्यामुळे २०१९ च्या मध्यानंतरची गाडी परवडत असेल तर दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

रोजचं रनिंग जास्त असेल तर सीएनजी परवडते. पण सीएनजीची टाकी डिकी खाते, हे विसरू नका. फुलांच्या पाट्या किंवा भाजीच्या जुड्या न्यायच्या असतील तर जागाच उरत नाही. महिन्यातून चार-पाच वेळाच गाडी काढणार असाल, तर साधी पेट्रोल गाडी घ्या. जुनी डिझेल गाडी स्वस्त दिसली तरी कमी रनिंगवाल्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पंप, इंजेक्टर, टर्बो यांपैकी एक जरी गेलं तर वाचवलेले पैसे एका बिलात जातात.

कुठली कंपनी, कुठलं मॉडेल?

कमी बजेटमध्ये गाडी निवडताना एकच प्रश्न महत्त्वाचा : ही बिघडली तर गावातला मेकॅनिक दुरुस्त करेल का, आणि पार्ट त्याच दिवशी मिळेल का?

या कसोटीवर मारुतीची ऑल्टो आणि वॅगन-आर वर्षानुवर्षं पुढे आहेत. वॅगन-आर १९९९ पासून रस्त्यावर आहे, ऑल्टो २००० पासून. त्यांचं इंजिन जवळपास प्रत्येक गॅरेजवाल्याच्या हाताखालून गेलेलं आहे. सेलेरिओ २०१४ ला आली, तिचं हजार सीसी इंजिनही याच कुळातलं. ह्युंदाईची आय-१०, इऑन, जुनी-नवी सँट्रो आणि टाटाची २०१६ नंतरची टियागो यांचेही पार्ट सहज मिळतात. वॅगन-आर उंच असल्याने गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना चढायला-उतरायला सोपी पडते. घर आणि धंदा दोन्ही सांभाळायचं असेल तर ईको बघायला हरकत नाही.

काही गाड्या बाजारात फारच स्वस्त दिसतात, त्यामागे कारण असतं. शेवरोलेच्या बीट, स्पार्क विकणाऱ्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. डॅटसनच्या गाड्या २०२२ मध्ये बंद झाल्या. या गाड्या वाईट होत्या असं नाही. पण एखादा सेन्सर किंवा बंपर हवा झाला तर तो शोधत फिरावं लागतं, आणि पुढे विकताना भाव मिळत नाही. ओळखीचा चांगला मेकॅनिक असेल तरच त्या वाटेला जावं.

ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी गाडी चालवायला मस्त, पण जुनी झाली की तिची दुरुस्ती सगळ्या गॅरेजांत होत नाही. तुटपुंज्या बजेटमध्ये हाताचा गिअरच बरा.

खारं वारं आणि गंज

वसईच्या गाड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गंज. अर्नाळा, कळंब, राजोडी, भुईगाव ही गावं समुद्राला लागून. नायगावपासून वसईपर्यंत खाडी आणि मिठागरं. हवेत मीठ असतं, ते पत्र्यावर बसतं, ओलावा धरून ठेवतं आणि लोखंड आतून खायला लागतं. वरून रंग चकाचक आणि खालून पत्रा पापडासारखा, अशी गाडी इथे नवलाची नाही.

गंज बोनेटवर शोधू नका, खाली शोधा. दरवाजे उघडून त्यांच्या खालच्या कडेला बोट फिरवा. पाणी बाहेर जायची भोकं बुजलेली असतील तर आत गंज असण्याची शक्यता मोठी. चाकांच्या वरची कमान, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट आणि त्याखालचा फ्लोअर, जॅक लावायच्या जागा हे सगळं बघा. शक्य असेल तर गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवा किंवा सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर घ्या. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं, तिथला पत्रा कुजला असेल तर गाडी सोडून द्या. तिथे वेल्डिंग करून भागत नाही, जिवाशी खेळ होतो.

खाली नुकताच काळा कोट मारलेला दिसला तर खूष होऊ नका, उलट सावध व्हा. विकायच्या आठवडाभर आधी मारलेला कोट बऱ्याचदा गंज झाकायलाच असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून बघा. घट्ट पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भदभद. एक लहान लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवला तर पुट्टी कुठे भरली आहे तेही कळतं. जिथे चुंबक धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी असते. मात्र बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे चुंबक मुळातच चिकटत नाही.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

जुलै २०१८ चा पाऊस वसईकर विसरलेले नाहीत. रेल्वे बंद पडली, नालासोपाऱ्याजवळ वडोदरा एक्स्प्रेस अडकली, मिठागरांतली माणसं बाहेर काढावी लागली. सोसायट्यांच्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यानंतरही जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की सखल भागात पाणी भरतंच. बुडालेल्या गाड्या भंगारात जातातच असं नाही. धुऊन-पुसून त्या पुन्हा बाजारात येतात.

पाण्यात गेलेली गाडी लगेच बंद पडत नाही. वायरिंगच्या जोडांत, सेन्सरमध्ये, मुख्य कॉम्प्युटरच्या डब्यात ओल शिरते आणि सहा-आठ महिन्यांनी एकेक दुखणं वर येतं. कधी काचा खाली होत नाहीत, कधी गाडी रस्त्यातच बंद पडते. आणि पाण्यात उभ्या गाडीला कुणी सेल्फ मारला असेल तर इंजिनात पाणी ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन पुन्हा सुरू केलं तरी फार काळ साथ देत नाही.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत :

– काचा बंद करून पाच मिनिटं गाडीत बसा. कुबट, मातकट वास येतो का? भरपूर अत्तर किंवा परफ्युम मारलेला असेल तर तो का मारला असावा, याचा विचार करा.

– सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. पाण्याची रेघ किंवा चिखलाचा डाग तिथे राहून जातो. तिथे कुणी धूत नाही.

– सीटखालचे रूळ, नटबोल्ट, स्प्रिंगा गंजल्यात का? चार-पाच वर्षांच्या गाडीत सीटखाली गंज असायचं कारण नाही.

– कार्पेट उचला. खालचा फोम ओला किंवा मातीने भरलेला आहे का?

– हेडलाइटच्या काचेत आतून धुकं किंवा पाण्याची आडवी रेघ आहे का?

– स्टेपनीच्या खड्ड्यात आणि फ्यूजच्या डब्याच्या कोपऱ्यात गाळ साचलाय का?

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर भाव कितीही कमी असो, नमस्कार करून निघा.

इंजिन : थंड असतानाच बघा

गाडी बघायला जाताना मालकाला सांगून ठेवा की सकाळची पहिली सुरुवात आमच्यासमोर करा. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम लागला तर गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिनच खरं बोलतं.

सेल्फ मारल्यावर गाडी एक-दोन झटक्यांत सुरू व्हायला हवी. सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. पावसाळ्यात-थंडीत सकाळी थोडी वाफ दिसते, ती लगेच थांबते, त्याची काळजी नको. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण काढून बघा, आतून दह्यासारखा थर असेल तर मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किल्ली फिरवल्यावर मीटरमधले सगळे दिवे पेटायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. एअरबॅगचा किंवा इंजिनचा दिवा मुळात पेटतच नसेल, तर तो बिघाड लपवायला काढून टाकलेला असू शकतो. गॅरेजवाल्याकडे स्कॅनर असतो, तो लावून गाडीतले जुने-नवे फॉल्ट वाचता येतात. ऑल्टो ८०० आणि जुन्या सँट्रोसारख्या गाड्यांत टायमिंग बेल्ट असतो. तो शेवटचा कधी बदलला ते विचारा. बिल नसेल तर बदलला नाही असं धरून त्याचा खर्च किमतीतून कापून मागा.

मग गाडी स्वतः चालवा, निदान पंधरा-वीस मिनिटं. रेल्वेवरच्या उड्डाणपुलावर चढवा. चढावर इंजिनचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट गेली. खड्ड्यातून हळू न्या आणि खडखड ऐका. मोकळ्या सरळ रस्त्यावर मागेपुढे कुणी नाही हे बघून ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढते का? एसी लावून दहा मिनिटं उभी ठेवा आणि तापमानाचा काटा किंवा दिवा बघा. विक्रेता चालवायला देत नसेल तर गाडी घेऊच नका.

मीटरवरचा आकडा खरा का?

आठ वर्षांची गाडी आणि मीटर फक्त ३२,०००? असू शकतं, पण पुरावा मागा. डिजिटल मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. सर्व्हिसिंगची बिलं बघा, प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला सोबत घेऊन गेलात तर जुनी नोंद बघता येते.

गाडीही बोलते. पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हरची सीट खचलीय आणि मीटर मात्र ३० हजार, तर गडबड आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३५२१ लिहिलं असेल तर टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. कमी चाललेल्या गाडीचे चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे का, हे विचारा.

आणखी एक गोष्ट : गाडी आधी टॅक्सीत होती का? पिवळी पाटी काढून, खासगी नोंदणी करून आणि नवा रंग मारून काही गाड्या विकल्या जातात. टॅक्सी दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर सहज धावते. आरसीवर वाहनाचा प्रकार आणि आधीच्या नोंदी नीट वाचा.

कागद : इथेच घात होतो

गाडी चांगली असूनही कागदांत अडकलेली माणसं कमी नाहीत. आधी विक्रेत्याकडून आरसीची मूळ प्रत मागा आणि एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून ताडून बघा. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे तिथे कळतं. ई-चलानच्या साइटवर थकलेला दंड बघा. मग बोनेट उघडून चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा. एक आकडाही वेगळा असेल तर थांबा.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. ‘हप्ते संपलेत, एनओसी पुढच्या आठवड्यात येईल’ या शब्दावर पैसे देऊ नका. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. नावावर होण्याआधी भावकीतल्या एकानेच विकली आणि दुसऱ्याने हरकत घेतली तर मध्ये घेणारा भरडला जातो.

विक्रीसाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरावे लागतात. फॉर्म २९ म्हणजे ‘मी गाडी विकली’ ही मालकाने द्यायची खबर. राज्यातल्या राज्यात विकली तर ती १४ दिवसांत द्यायची असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. एमएच-४८ ही वसई आरटीओची पासिंग. गाडी एमएच-०४, एमएच-४७ अशा दुसऱ्या कार्यालयाची असेल तर प्रक्रिया काय लागेल ते आरटीओत किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर आधीच बघून घ्या.

आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत म्हणजे कोऱ्या फॉर्मवर सह्या घ्यायच्या, गाडी घरी आणायची आणि ‘नाव नंतर करू’ म्हणायचं. गावातलाच माणूस, ओळखीचा, काय होतंय! होतं ते असं : फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. त्यात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी कोर्टाने नोंदणी असलेल्या मालकावरच टाकली. कायद्याच्या नजरेत ज्याचं नाव आरसीवर, तो मालक.

म्हणजे नाव न बदलणं हा विकणाऱ्याच्या मानेवरचा सुरा आहे. आणि घेणाऱ्याचंही भलं होत नाही. जुन्या मालकाच्या नावावरच्या गाडीचा विमा दावा अडतो, पुढे विकताना जुना मालक सापडत नाही, सापडला तर सहीचे वेगळे पैसे मागतो.

विम्याचं वेगळं बघा. गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे येतो, पण विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मिळायचा असेल तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही.

एजंटकडून घेताय? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले आणि ते एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं आणि मालकाने गाडी डीलरकडे दिल्याची नोंदही ऑनलाइन करायची असते. डीलरला हे अधिकारपत्र दाखवा म्हणायला लाजू नका.

दमण, गुजरात, दिल्लीची गाडी स्वस्त का?

पालघर जिल्हा सीमेवरचा. वापी, दमण, सिल्वासा हाकेच्या अंतरावर. तिकडची गाडी बऱ्याचदा वीस-तीस हजारांनी स्वस्त दिसते. पण परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त वापरायची तर महाराष्ट्रात नव्याने नोंद करावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. हा हिशोब मांडला की स्वस्ताई बऱ्याचदा उरतच नाही.

दिल्लीच्या गाड्यांचं तेच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी कायम केली होती, त्यामुळे वयात आलेल्या गाड्या तिथून बाहेर विकल्या जाऊ लागल्या. गाडी चांगली असेलही, पण एनओसी हातात आल्याशिवाय रुपया देऊ नका.

पंधरा वर्षांचा हिशोब

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी कारसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली. वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ती २०२५ मध्ये १०,००० झाली. वर पर्यावरण कर, आणि तपासणीत पास व्हायला लागणारी दुरुस्ती वेगळी. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च आजच किमतीत धरा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही बघा.

सीएनजी गाडीत किट आरसीवर चढलेलं हवं आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी. आरसीवर नोंद नसलेलं किट म्हणजे विमा कंपनीला आयतं निमित्त.

खरी किंमत कशी काढायची?

एक साधं उदाहरण. समजा दोन गाड्या समोर आहेत. पहिली दीड लाखाला. पण तिला चार टायर लागणार १४,०००, बॅटरी ४,५००, क्लच ९,००० आणि वर्षभरात नोंदणी नूतनीकरण ५,०००. झाले १,८२,५००. दुसरी १,७५,००० ची, तिला फक्त सर्व्हिसिंगचे ४,००० लागणार. झाले १,७९,०००. म्हणजे ‘महाग’ गाडीच स्वस्त निघाली, आणि वयानेही लहान.

विम्याचाही अंदाज ठेवा. हजार सीसीपर्यंतच्या कारचा नुसता थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये अधिक जीएसटी, आणि हजार ते दीड हजार सीसीचा ३,४१६ रुपये अधिक जीएसटी, असे दर जून २०२२ मध्ये ठरले.

हाताशी दोन लाख असतील तर गाडी पावणेदोन लाखांचीच बघा. पंचवीस हजार बाजूला ठेवा. जुनी गाडी पहिल्या तीन महिन्यांत काहीतरी मागतेच. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या जुन्या गाडीला विक्रेता जुनाच भाव सांगत असेल तर शोरूममधली नव्या गाडीची आजची किंमत त्याला दाखवा आणि घासाघीस करा.

पैसे देताना

पैसे नेहमी बँकेतून, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात द्या. टोकन दिलं तर रक्कम, तारीख, गाडीचा नंबर आणि ‘कागद न मिळाल्यास टोकन परत’ हे लिहून घ्या. मोबाइलवर फोटो बघून, ‘लष्करात आहे, बदली झाली, अर्ध्या किमतीत देतो, आधी पाच हजार पाठवा’ असा निरोप आला तर ती फसवणूकच समजा. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करा. त्या मिनिटापासूनच्या चलानाची जबाबदारी कुणाची, हे त्यावरून ठरतं.

निघण्याआधी हे सोबत घ्या

टॉर्च, रुमाल, छोटा लोहचुंबक आणि एक विश्वासू मेकॅनिक. मेकॅनिक विक्रेत्याच्या ओळखीचा नको, स्वतःच्या ओळखीचा हवा. त्याला पाचशे-हजार रुपये द्या. दोन लाखांच्या व्यवहारात हा सगळ्यात स्वस्त विमा.

गाडी दिवसाउजेडी बघा. पावसात भिजलेल्या पत्र्यावर ओरखडे आणि पुट्टी दिसत नाही. घरातल्या बाईमाणसाला, म्हाताऱ्यांना सोबत न्या, त्यांना गाडीत बसवून बघा, कारण बसायचं त्यांना आहे. आणि विक्रेता ‘आणखी दोन गिऱ्हाइकं संध्याकाळी येणार आहेत’ म्हणाला तर येऊ द्या. वसई-विरारच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचा तुटवडा नाही. एक गाडी सुटली तर दुसरी मिळते. घामाचे दोन लाख सुटले तर ते परत जमवायला वर्षं जातात.